सोडलेला, सुटलेला, मुक्त : एका धातुसाधिताचा इतिहास

लॅटिन भाषेत 'मनुमिस्सुस' असे एक धातुसाधित आहे. 'मनुस' म्हणजे हात आणि 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, जाऊ देणे. धन्याने ज्याला आपल्या हातातून जाऊ दिले, तो गुलाम 'मनुमिस्सुस'. मराठीत त्याचा सरळ अर्थ 'हातून सोडलेला' असा होईल. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला आणि चळवळींच्या भाषेत रुळलेला 'इमॅन्सिपेशन' हा शब्दही याच हाताशी जोडलेला आहे, पण त्याची जात थोडी निराळी. रोमन कायद्यात 'एमान्किपातुस' हे विशेषण गुलामासाठी नव्हतेच. बापाच्या सत्तेतून बाहेर काढलेल्या मुलासाठी ते वापरले जाई. गुलामाला ते पुढच्या काळात लागले. एकाच्या मुळाशी सोडणारा हात आहे, दुसऱ्याच्या मुळाशी धरणारा. माणसाच्या स्वातंत्र्याविषयीचे हे दोन्ही शब्द त्या माणसाबद्दल फारसे काही सांगत नाहीत; सांगतात ते धन्याच्या हाताबद्दल.

हा व्युत्पत्तीचा खेळ आम्ही केवळ गंमत म्हणून मांडत नाही. गुलामी आणि मुक्ती यांचा इतिहास ज्या शब्दांत सांगितला जातो, त्या शब्दांचे व्याकरण तपासले तर इतिहासातील काही प्रश्न अधिक नेमके विचारता येतात, असा आमचा अनुभव आहे. त्यासाठी रोमला जाऊन तेथेच थांबण्याचे कारण नाही. मराठवाड्यातला जालना जिल्हा पुरेसा आहे. जालना-मंठा रस्त्यावरचे, परतूर तालुक्यातले वाटूर हे गाव मध्यबिंदू धरावे आणि नकाशा पाहावा. पश्चिमेला, जालन्याच्या पलीकडे, बदनापूर तालुक्यात रोशनगाव आहे. तेथे एकेकाळच्या एका गुलामाने मोगली फौजेशी युद्ध केले. नैर्ऋत्येला घनसावंगी तालुक्यात जांब आहे. स्वतःला 'दास' म्हणवणारा कवी तेथे जन्मला. आणि वाटूर-मंठ्याच्या या टापूत बंजाऱ्यांचे तांडे आहेत, ज्यांची नोंद शासनाच्या दप्तरात 'विमुक्त' या धातुसाधिताखाली होते. तीन शतकांहून अधिक काळाचा हा पट एका लहानशा टापूत मावतो.

१.

प्रथम व्याकरण. मराठीत सकर्मक-अकर्मक धातूंच्या काही जोड्या आहेत : तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे. 'तोडलेली फांदी' म्हटले की तोडणारा कोणीतरी असतो. 'तुटलेली फांदी' म्हटले की वारा असेल, वय असेल, फांदीचे स्वतःचे ओझे असेल. त्याच न्यायाने 'सोडलेला' माणूस कोणीतरी सोडलेला असतो. वाक्यात कर्ता लिहिला नाही तरी तो तृतीयेत दडून असतो, आणि 'कोणी सोडला?' हा प्रश्न रास्त ठरतो. 'सुटलेला' माणूस स्वतः सुटतो, निदान व्याकरण तरी तसेच म्हणते. संस्कृतातून आलेला 'मुक्त' हा शब्द 'मुच्' धातूला 'क्त' प्रत्यय लागून झाला. तोही भूतकालवाचक धातुसाधितच आहे, पण मराठीत येईतो तो इतका गुळगुळीत झाला की त्यात कर्ता आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. 'मुक्त झाला' म्हणा किंवा 'मुक्त केला' म्हणा, मागे उरणारे विशेषण एकच. सभा-संमेलनांत हा शब्द लाडका का, याचे एक कारण या गुळगुळीतपणात असावे.

'सोडलेला' या शब्दाला मराठीत आणखी एक काळोखी बाजू आहे. 'सोडलेली बाई' म्हटल्यावर कोणा मराठी माणसाला स्वतंत्र स्त्री आठवत नाही. नवऱ्याने टाकलेली स्त्री आठवते. 'सोडचिठ्ठी' हा शब्द ज्या कागदासाठी आहे, तो कागद बहुधा एकाच पक्षाच्या हातात असे. सोडण्यात मोकळे करणेही येते आणि टाकून देणेही येते. रोमन लोकांना ही संदिग्धता चांगली ठाऊक होती. आजारी गुलामाच्या औषधपाण्याचा खर्च नको म्हणून काही धनी त्यांना टायबर नदीतल्या वैद्यदेवतेच्या बेटावर नेऊन सोडीत. सम्राट क्लॉडियसने अखेर असा हुकूम काढला की अशा रीतीने टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र समजावा. धन्याला तो परत मागता येणार नाही. म्हणजे टाकून देणे हेच कायद्याने मुक्त करणे ठरले. गुलामाच्या बाजूने पाहिले तर ही दया होती हे खरे. पण या स्वातंत्र्याचा उगम धन्याच्या निष्ठुरपणात होता, हेही तितकेच खरे.

सोडलेल्या गुलामाला रोममध्ये 'लिबेर्तुस' म्हणत. जन्मतः स्वतंत्र असणारा तो 'इंगेनुउस'. पहिला सहसा दुसरा होत नसे. मुक्त झाल्यावरही त्याच्यावर जुन्या धन्याचे ऋण राही : आदर राखायचा, ठरलेली कामे करून द्यायची, आणि नावही धन्याचेच लावायचे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना नाटककार टेरेन्स माहीत असतो. तो आफ्रिकेतून आणलेला गुलाम. टेरेन्तियुस लुकानुस या सिनेटरने त्याला शिकवले आणि सोडले. ज्या नावाने तो जगाच्या वाङ्मयात अमर झाला, ते नाव त्याच्या धन्याचे आहे. सिसेरोचा लेखनिक टायरो इ. स. पू. ५३ मध्ये मुक्त झाला, तो 'मार्कुस तुल्लियुस टायरो' होऊन. कवी होरेसचा बाप मुक्त गुलाम होता. मुलगा जन्मतः स्वतंत्र, तरी लोक त्याला बापावरून टोमणे मारीत. होरेसने ते लपवले नाही, उलट बापाचे ऋण कवितेत मान्य केले. धातुसाधित एका पिढीत संपते असे कायदा म्हणत होता. समाज तसे मानत नव्हता.

आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही सोडण्याचा विधी आहे. नारदस्मृतीत तो तपशिलाने येतो. धन्याने दासाच्या खांद्यावरचा पाण्याने भरलेला घडा घेऊन फोडावा, अक्षता आणि फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे, 'तू आता दास नाहीस' असे त्रिवार म्हणावे आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून जाऊ द्यावे. हा विधी वाचताना त्याच्या सौंदर्याने कोणीही भारावेल. पाणी वाहणे हे दासाचे रोजचे काम, म्हणून फुटतो तो घडाच. पण या विधीतल्या सगळ्या क्रियापदांचा कर्ता धनी आहे. घडा धनी फोडतो, पाणी धनी शिंपडतो, शब्द धनी उच्चारतो. दासाच्या वाट्याला येते ते फक्त चालू लागणे. 'अदास' या शब्दातही 'दास' शिल्लक राहतो, तो वेगळाच.

२.

आता रोशनगाव. मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा तांबड्या समुद्रावरचे मोखा आणि मग बगदाद अशा बाजारांतून फिरत अहमदनगरला पोचला. तेथे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः हबशी, एकेकाळचा गुलाम. १५७४-७५ च्या सुमारास तो मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ही घटना अर्ध्या वाक्यात उरकते. आम्हांला ती थांबून पाहण्याजोगी वाटते. सोडणारा हात येथे एका विधवेचा आहे आणि तिचे नाव आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. इस्लामी कायद्यात मुक्त केलेला गुलाम आणि मुक्त करणारा धनी यांच्यात नात्यासारखा एक कायमचा बंध मानला आहे, आणि गंमत अशी की या बंधाच्या दोन्ही टोकांना अरबीत एकच शब्द आहे : मौला. धनीही मौला, सोडलेलाही मौला. रोमन कायद्यातले ऋण एकतर्फी होते. येथे निदान शब्दाने तरी दोघे एका पातळीवर येतात.

त्यापुढचा अंबर मात्र 'सोडलेला' राहिला नाही. त्याने विजापूरची चाकरी केली, 'मलिक' हा किताब मिळवला, स्वतःचे स्वार उभे केले आणि तो अहमदनगरच्या राजकारणात परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले होते. अंबरने राजघराण्यातला एक तरुण शोधून त्याला दुसरा मुर्तझा म्हणून परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली, आणि पुढची पंचवीस वर्षे अकबर-जहांगीराच्या फौजांना दख्खनेत स्वस्थता लाभू दिली नाही. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने नहर आणली, मुलखाची जमाबंदी बसवली. मराठ्यांचे बारगीर घेऊन केलेली त्याची गनिमी लढाई महाराष्ट्राच्या पुढच्या इतिहासाची पूर्वतयारी ठरली, असे अनेक इतिहासकार मानतात.

फेब्रुवारी १६१६ मध्ये रोशनगावला मोगल सरदार शाहनवाजखानाने त्याचा पराभव केला. लखुजी जाधवरावांसारखे मराठे सरदार त्या वेळी मोगलांकडे गेले होते. त्यांचे सिंदखेड रोशनगावहून फार लांब नाही. विजयी फौजेने खडकी लुटून जाळली. पण अंबर संपला नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढत होते. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तो मेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

त्याच्या शत्रूंनी त्याच्यासाठी वापरलेली भाषा पाहावी. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याच्या काळ्या रंगावरून शिवी दिल्याशिवाय सहसा त्याचे नाव घेत नाही. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतले : भाल्याच्या टोकावर अंबरचे तुटलेले मस्तक आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. हे घडले केवळ कागदावर. अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. पण अंबर मेल्यावर 'इकबालनामा-इ-जहांगीरी' लिहिणाऱ्या मुतमदखानाने मात्र, तो हबशी गुलाम होता हे सांगून, युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती, अशी ग्वाही दिली. शिवाजीमहाराजांच्या आश्रयाला असलेल्या परमानंदानेही 'शिवभारता'त त्याचा गौरवच केला. शत्रूच्या वाक्यात 'गुलाम' हे नाम पन्नास वर्षांनंतरही कायम राहते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. १५७५ साली एका विधवेने जे सोडले, ते १६२६ साली दिल्लीच्या दरबाराने सोडलेले नव्हते. माणूस किती सुटला, हे सुटलेल्यापेक्षा भोवतालची भाषा अधिक सांगते.

३.

रोशनगावची लढाई झाली तेव्हा जांबला सूर्याजीपंत ठोसरांचा मुलगा नारायण जेमतेम आठ वर्षांचा होत आला होता. १६०८ चा त्याचा जन्म; म्हणजे पुढचे समर्थ रामदास मलिक अंबरच्या धामधुमीतच लहानाचे मोठे झाले. त्यांनी आपले नाव घेतले 'दास'. 'दासबोध'कर्त्याने माणसांचे चार वर्ग केले : बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध. यांतले 'बद्ध' आणि 'सिद्ध' ही 'मुक्त' सारखीच क्त-प्रत्ययान्त रूपे. मधले दोघे मात्र अजून काही करू पाहणारे, करीत असलेले. 'मुमुक्षू' म्हणजे सुटू इच्छिणारा. येथे एक इच्छा व्याकरणात येते, जी रोमन कायद्यात नव्हती आणि नारदाच्या विधीतही नव्हती.

आपल्या भक्तिपरंपरेने 'दास' या शब्दाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहणे गरजेचे आहे. नवविधा भक्तीत दास्य ही सातवी. देवाचा दास होणारा माणसाचा दास राहत नाही, हा त्यातला बंडाचा अर्थ. पण ज्या समाजात माणसे खरोखर विकत मिळत होती, त्याच समाजात हे रूपक वाढत होते. पेशवाईच्या दप्तरांत 'कुणबिणी' आणि 'बटकी' यांच्या खरेदी-विक्रीच्या, त्यांना कोठी-पागांवर कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. त्या स्त्रियांना 'दास्य' हा शब्द रूपक म्हणून वापरता आला असता का? पारमार्थिक मुक्तीची भाषा इतकी समृद्ध असलेल्या मराठीत ऐहिक सुटकेसाठी 'सोडणे' या साध्या क्रियापदावर का भागवावे लागले, याचे उत्तर आम्हांला या प्रश्नातच दिसते. 'मुक्ती' हा शब्द फार काळ परलोकाच्या कामात गुंतलेला होता.

तो इहलोकात उतरवला फुले आणि आंबेडकर यांनी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला, त्यांना अर्पण केली. लिंकनचा जाहीरनामा १८६३ चा, गुलामी रद्द करणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे पुण्यात बसून फुले अगदी ताजी घटना वाचत होते. या अर्पणपत्रिकेत कर्ता लपवलेला नाही. कोणी सोडवले, हे मोकळेपणाने म्हटले आहे आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षाही केली आहे. पण पुस्तक धन्यांच्या औदार्यावर विसंबून थांबत नाही. संवादात धोंडिबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि वाचता वाचता वाचकाला 'आपण बद्ध आहोत' ही जाणीव होते. ही मुमुक्षूची जागा आहे, पण मोक्षाच्या बाहेरची.

३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत डॉ. आंबेडकरांनी केलेले भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. शीर्षकात जाणूनबुजून जुना पारमार्थिक शब्द आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे. मुक्ती कोणी देईल का, असे त्यात विचारलेले नाही. कोणत्या वाटेने जायचे, असे विचारले आहे. वाटेने जाणारा कर्ताच असतो. मराठीतल्या 'मुक्त' या धातुसाधिताला तृतीयेतल्या परक्या कर्त्यापासून सोडवण्याचा हा सर्वांत स्पष्ट प्रयत्न होय.

४.

स्वातंत्र्यानंतर हा शब्द शासनाच्या हाती आला. इंग्रजांनी १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती कायदा' केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवीत नेली. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना हजेरी द्यावी लागे, सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात राहावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे कायदे रद्द झाले आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्रात 'विमुक्त जाती' हा आरक्षणाचा एक प्रवर्गच आहे. बंजारा, कैकाडी, वडार, बेरड, रामोशी, भामटा अशा चौदा जाती त्यात येतात. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आणि लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' ज्यांनी वाचले आहे, त्यांना कायदा रद्द झाल्याने पोलिसांची नजर रद्द होत नाही, हे वेगळे सांगायला नको. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि पुष्कळांच्या मते जुनी नजर नव्या कलमांतून पाहू लागली.

भाषेच्या दृष्टीने येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. रोममध्ये 'लिबेर्तुस' ही अवस्था एका पिढीची होती. त्याचा मुलगा कायद्याने जन्मतः स्वतंत्र. आपल्याकडे १९५२ नंतर चाळीस-पन्नास वर्षांनी जन्मलेले मूलही दाखल्यावर 'विमुक्त' असते. ज्या बंधनात ते कधी नव्हते, त्यातून ते सोडलेले आहे, असे त्याचा दाखला म्हणतो. हा दाखला टाकून द्यावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. अन्यायाची आठवण ठेवल्याशिवाय त्याची भरपाई मागता येत नाही, आणि शिष्यवृत्तीची वाट त्याच कागदावरून जाते. पण कागदावरचे धातुसाधित भूतकाळाकडे बोट दाखवते आणि माणसाची अडचण वर्तमानात असते, ही विसंगती ध्यानात ठेवावी.

मराठवाड्याच्या आणखी एका शब्दात हाच पेच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. त्या दिवसाला आपण 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणतो. दिल्लीच्या कागदांत ती 'पोलीस कारवाई' होती. पहिल्या शब्दात कर्ता येथली जनता आहे, स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस आहे, तुरुंगात गेलेली आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेली माणसे आहेत. दुसऱ्यात कर्ता भारत सरकारचे सैन्य आहे. मराठवाडा सुटला की सोडवला गेला? दोन्ही खरे आहे, आणि म्हणून दोन्ही क्रियापदे हाताशी ठेवावीत. नुसते 'मुक्त' म्हटले की प्रश्नच मिटतो.

आणि १७ सप्टेंबरने सगळे बंध सुटले, असेही नाही. वेठबिगार रद्द करणारा कायदा देशात १९७६ मध्ये झाला. त्यान्वये सोडवलेल्या मजुराला 'मुक्ती प्रमाणपत्र' मिळते. जालना, परतूर, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतली माणसे दर हंगामाला ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते, निदान संपायला हवे. या व्यवहारांना कोणी गुलामी म्हणत नाही, आणि सरसकट म्हणूही नये. कित्येक जण आपल्या मर्जीने जातात आणि हिशेब चुकता करून परततात. पण ज्याची उचल फिटत नाही आणि ज्याला मुकादम जाऊ देत नाही, त्याच्यासाठी 'हात' हा शब्द व्युत्पत्तीपुरता उरत नाही. कर्ज फिटल्याच्या लेखाला मराठीत 'फारखती' म्हणत. शब्द जुना झाला, पण त्याची गरज जुनी झालेली नाही.

साहित्याच्या वर्गात 'मुक्ती', 'मुक्त', 'मुक्तता' हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो : मुक्तछंद, स्त्रीमुक्ती, दलित मुक्ती. यांतल्या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याला एवढेच विचारायला लावावे : येथे कोणी कोणाला सोडले आहे, की कोणी स्वतः सुटले आहे? सोडणाऱ्याचा हात अजून खांद्यावर आहे का? मलिक अंबरच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक अनाम विधवा असे येते आणि पुढच्या पन्नास वर्षांचे उत्तर अंबर स्वतः असे येते. विमुक्तांच्या बाबतीत पहिले उत्तर संसदेचा एक कायदा असे आहे. पुढचे उत्तर तांड्यांवरची शिकणारी पोरे लिहीत आहेत, आणि ते अजून पुरे व्हायचे आहे.